सात नंबरचा तळ

३ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरांनी आज दादाच्या उजव्या डोळ्याच्या तपासणीचा कागद पुढं ठेवला. डावा डोळा काचबिंदूनं दोन वर्षांपूर्वीच गेला. उजव्यात आता बोगद्यातून बघावं तेवढंच उरलंय, आणि तेही आटत चाललंय. "हिवाळा संपेपर्यंत धरून चला," म्हणाले. दादा "बरं" म्हणाला, जसं काही दुकानदारानं माल उद्या येईल सांगितलं होतं. मीच डॉक्टरांशी दहा मिनिटं हुज्जत घातली. उपयोग शून्य, पण घातली.

परतताना बसमध्ये तो म्हणाला, "ठिणगे, एकदा सात नंबरला जाऊन येऊ." ठिणगी हे नाव त्यानं मला मी सहा वर्षांची असताना ठेवलं. आता मी बासष्ट आणि तो एकोणसत्तर, पण नाव काही विझलं नाही.

सात नंबर म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या जंगलातला मुक्कामाचा तळ. दादा त्या उद्यानात पायवाटा बांधणाऱ्या टोळीत गवंडी होता. आत असे आठ तळ आहेत: तंबूपुरती सपाट जागा आणि वाऱ्याला आडोसा. सातव्याचा दगडी आडोसा त्यानं एकट्यानं रचला, सिमेंटचा कणही न वापरता. त्याबद्दल मी तीस वर्षं ऐकत आलेय. बघितला मात्र कधीच नाही. निवृत्त होईपर्यंत माझी नोकरी वजनमापे निरीक्षकाची. रविवारीसुद्धा मी कुणाच्या तरी तराजूपुढं उभी.

उद्यान ३१ ऑक्टोबरला हिवाळ्यासाठी बंद होतं ते एप्रिलमध्ये उघडतं. म्हणजे आठ आठवडे आहेत. भरपूर झाले.

४ सप्टेंबर

भरपूर झाले म्हणे. माझ्यासारखी अडाणी मीच.

जंगलात जमिनीवर पाठ टेकायला परवाना लागतो. एका तळावर एका रात्री एकच गट. बरोबर तीस दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला ती तारीख संगणकावर उघडते आणि सात नंबर दोन मिनिटांत संपतो. दादाची मुलगी, म्हणजे माझी भाची, वरच्या मजल्यावर राहते. तिनं आज करून दाखवलं. मी चष्मा पुसेपर्यंत सातसमोर लाल फुली.

"सातला काय सोनं पुरलंय का गं?"

"आत्या, तिथून सगळी दरी दिसते म्हणे. लोक फोटो काढायला जातात."

"दरी?" दादा म्हणाला. "तिथं कुठली आलीय दरी? झाडी आहे आणि झरा आहे."

"तीस वर्षांत जंगल जागेवर राहतं का, दादा," मी म्हटलं. तो "बरं" म्हणाला. त्याचं बरं आहे, त्याला चटकन पटतं.

११ सप्टेंबर

सात सकाळी झाल्या. रोज पावणेआठला मी आणि भाची संगणकापुढं अशा बसतो की चहा गार होतो. आज पडद्यावर आलं, 'रांगेत तुमचा क्रमांक २१४०'. आठला उघडतं आणि आठला माझ्यापुढं दोन हजार माणसं? ही कसली रांग, ज्यात पुढच्याची पाठसुद्धा दिसत नाही? रेशनच्या रांगेत निदान घुसणाऱ्याची कॉलर धरता येते.

अर्जात 'मुक्कामाचे कारण (ऐच्छिक)' असा रकाना आहे. मी सगळं लिहिलं: सात नंबरचा दगडी आडोसा माझ्या भावानं बांधला आहे, त्याची दृष्टी जात आहे, जाण्यापूर्वी तिथं एक रात्र काढायची आहे. शब्दमर्यादा संपली म्हणून थांबले.

"आत्या, ते कुणीही वाचत नाही," भाची म्हणाली.

मग विचारता कशाला, मेल्यांनो? माणसाला कारण विचारायचं आणि वाचायचं नाही, याला पद्धत म्हणत नाहीत.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज झालं ते सगळं लिहून काढते, म्हणजे एक शब्द इकडचा तिकडं व्हायला नको.

भाचीनं शोधून काढलं की ऐन वेळी रद्द झालेले आणि उरलेसुरले परवाने उद्यानाच्या दारावरच्या खिडकीत मिळतात. पहाटेची बस धरून गेले. दादाच्या वेळी नदीच्या बाजूनं आत जायचे. तो पूल पडल्यावर डोंगराच्या बाजूला नवं प्रवेशद्वार झालं, खिडकी तिथं. बाहेर लोकांच्या पाठपिशव्या तोलायला एक काटा टांगलाय. सवयीनं माझी पाण्याची बाटली अडकवली: चारशे ग्रॅम जास्त दाखवतो. पडताळणीचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा. तिथंच मला कळायला हवं होतं की हे ऑफिस कसलं आहे.

खिडकीत जाड भिंगांचा एक चष्मेवाला. माझ्या मागं पंधरा-वीस पोरं. मी अर्जाचा कागद सरकवला आणि म्हटलं, सात नंबरचा द्या, कुठलीही तारीख.

"सात उघडलेल्या शेवटच्या तारखेपर्यंत भरलाय, मावशी," तो म्हणाला. मग कागद उचलून नाकाशी नेला आणि वाचत बसला. चांगली दोन मिनिटं. मागची पोरं चुळबुळ करायला लागली. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं, काचेच्या भोकाशी तोंड आणलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ऐका ना. तुमचं काम दोन नंबरमध्ये होतंय. आत्ता देतो."

दोन नंबरमध्ये. मला. जिनं एकतीस वर्षं दोन नंबरवाल्यांच्या दुकानांना सील ठोकलं, तिला हा माणूस दिवसाढवळ्या, सरकारी काचेतून, दोन नंबरचा परवाना देत होता. कारण वाचून बघितलं असणार ना त्यानं: आंधळा होत चाललेला भाऊ, म्हातारी बहीण. म्हणजे गरज पक्की. अडला हरी.

मी म्हटलं, "लाज वाटते का? मला एक नंबरचंच पाहिजे. सगळं आयुष्य एक नंबरचंच घेतलंय."

"एक पण रिकामा आहे, पण मावशी, ऐका तर, तुमचा जो—"

मी ऐकलं नाही. कागद ओढून घेतला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं की या खिडकीत काय चालतं. पोरं हसली. आजकालच्या पोरांना भ्रष्टाचाराचंही हसू येतं.

घरी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "दोन नंबरचा म्हणजे कसला म्हणाला नक्की?" मी म्हटलं, दादा, तू भोळा आहेस.

१९ सप्टेंबर

तक्रार गेली. चार पानं, त्याचे शब्द अवतरणचिन्हांत: 'तुमचं काम दोन नंबरमध्ये होतंय. आत्ता देतो.' साक्षीदार म्हणून मागच्या रांगेचा उल्लेख. काट्याचे चारशे ग्रॅम परिशिष्टात.

२७ सप्टेंबर

सरळ बोटानं तूप निघत नाही म्हणतात ते उगाच नाही.

उद्यानाच्या मोठ्या मॅडमचा स्वतःहून फोन. संबंधित कर्मचाऱ्याला खिडकीवरून हटवलंय, खातेनिहाय चौकशी लावलीय, झाल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. शिवाय अकरा ऑक्टोबरला सात नंबरचा एक गट रद्द झालाय, तो परवाना आम्हाला. आवाज इतका गोड की मला आणखीनच राग आला. म्हणजे चार पानं लिहिली नसती तर तो गट रद्द झालाच नसता का?

मग दादाच्या खोलीत गेले. "मिळाला," म्हटलं. तो बराच वेळ माझा हात धरून बसला. मग म्हणाला, "त्या माणसाचं काय झालं?"

"हटवला."

"घरी पोरंबाळं असतील."

हा असाच. जगानं कापून खाल्लं तरी सुरीची धार विचारील.

१२ ऑक्टोबर, रविवार

जाऊन आलो. पाय माझे राहिलेले नाहीत.

दादा, मी, भाची. तंबू भाचीच्या पाठीवर. दादा एका हातात काठी घेऊन आणि दुसरा माझ्या खांद्यावर ठेवून चालला. गंमत म्हणजे अडखळले मीच. पायवाटेचा दगड त्याच्या पायाला कळतो. "हा आमच्या टोळीचा नाही," "हा आमचा," असं म्हणत चालला होता.

दोनेक तासांनी एक फाटा लागला, झाडीत शिरणारा. पाटीवर आकडा २. पाणी वाहत होतं कुठंतरी. दादा थांबला. कानामागं हात धरला. "ठिणगे, हे पाणी कुठल्या बाजूला आहे? चढाच्या वरती ना?"

मी म्हटलं, "दादा, कुठल्याही बाजूला असू दे. आपला तळ सात नंबरचा. परवान्यावर ठळक छापलंय, दुसऱ्या तळावर थांबलात तर तिथल्या तिथं बाहेर." तो तरी उभाच. मी पुन्हा हाक मारली तेव्हा "बरं" म्हणाला.

आणखी पाच तास. सातला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आणि काय बघावं? दगडाचा आडोसा नाहीच. उघड्या कड्यावर फळ्यांचं कुंपण, पुढं दरी, झाडाचं नाव नाही. माझं डोकंच फिरलं. माणसानं एक अख्खा मोसम घालवून रचलेली भिंत यांनी उपटली आणि चार फळ्या ठोकल्या. झराही आटवून ठेवला.

दादा फळ्यांवरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"हाच ना रे?" मी विचारलं.

"हो. हाच," तो म्हणाला. "दगड नेले असतील कुठंतरी. जाऊ दे. छान आहे." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तू आणलंस बघ मला."

भाची काहीतरी बोलणार होती, त्यानं तिच्या दंडाला हात लावला. मला तेव्हा वाटलं, तोल सावरतोय.

आज उतरताना त्या दोन नंबरच्या फाट्यापाशी दादा म्हणाला, जरा बसू. मी पाच मिनिटं दिली, बस चुकली असती. आम्ही दोघी वाटेकडं तोंड करून बसलो, तो झाडीकडं. असो. इच्छा पुरी झाली. आडोसा पाडल्याची तक्रार उद्या लिहायला घेते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आडोशाच्या तक्रारीला उत्तर येण्याआधी पहिल्या तक्रारीच्या सुनावणीचं बोलावणं आलं, तीस तारखेचं. सोबत त्या चष्मेवाल्याच्या खुलाशाची प्रत. इथं उतरवून ठेवते, कारण कागद फाडावासा वाटतोय.

'अर्जदार महिलेने कारणाच्या रकान्यात, सात नंबरचा दगडी आडोसा आपल्या भावाने बांधला असल्याचे लिहिले होते. नवे प्रवेशद्वार झाल्यावर आठही तळांना उलट बाजूने क्रमांक देण्यात आले. जुना क्रमांक ७ म्हणजे सध्याचा क्रमांक २. दगडी आडोसा तिथेच आहे व सुस्थितीत आहे. तो तळ आडबाजूला असल्याने सहसा कोणी मागत नाही. त्या आठवड्यात तो रिकामा होता. म्हणून मी, तुमचं काम दोन नंबरमध्ये होतंय, आत्ता देतो, असे म्हणालो. मागे रांग होती, त्यांच्यासमोर त्यांच्या भावाच्या डोळ्यांविषयी बोलणे बरे वाटले नाही, म्हणून हळू बोललो. पुढचे सांगण्याआधी त्या निघून गेल्या.'

एकच माणूस तो रकाना वाचत होता. त्याला मी हटवला.

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणे. इथं चोर नव्हताच, आणि दोरी माझी होती.

मी कागद घेऊन दादापुढं उभी राहिले. मोठ्यानं वाचला. तो ऐकत राहिला, चेहऱ्यावर नवल असं काही नाही.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"खिडकीवरच्या माणसाचं नव्हतं. जागेचं, पाणी ऐकलं तेव्हा वाटलं होतं. फळ्यांना हात लावल्यावर खात्री झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"परवाना सातचा होता. तू नियम मोडला नसतास. आणि मोडला असतास तर मरेपर्यंत मला ऐकवलं असतंस." मग म्हणाला, "शिवाय तू किती खुशीत होतीस."

मी खुशीत होते. बाप रे.

२४ ऑक्टोबर

मोसमाचा एक आठवडा बाकी. दहा दिवसांच्या आतला परवाना फक्त खिडकीवर मिळतो, म्हणून पहिल्या बसनं गेले. खिडकीला फळी लावलेली. दारावरचा राखणदार म्हणाला, "बंद आहे. नुसतं दिवसा जाऊन यायलाही शिक्का लागतो, आणि तो मारायचा अधिकार एकाच माणसाला होता, त्याची चौकशी चालू आहे. कुणीतरी बाई येऊन तक्रार करून गेली म्हणे, त्याला भोवलं."

"ती बाई मीच," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि बसायला स्टूल दिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तिथूनच मॅडमना फोन केला. दोन नंबर आत्ता रिकामा आहे ना? आहे. माझा भाऊ त्याचा बांधणारा आहे ना? असेल. मग द्या. तर म्हणे शिक्का चौकशीच्या पाकिटात सीलबंद आहे, सुनावणीपर्यंत उघडता येत नाही. मग मीच तक्रार मागं घेते. तर म्हणे तक्रार मागं घेता येत नाही, निकालीच निघावी लागते. म्हटलं, रिकाम्या जागेवर माणसाला झोपू द्यायला तुम्हाला रबराचा तुकडा लागतो? त्या म्हणाल्या, नियम आहे. एकतीस वर्षं हेच वाक्य मी दुकानदारांना ऐकवत आले. समोरून ऐकायला इतकं वाईट लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

३० ऑक्टोबर

सुनावणी. लांब टेबल, मधे मॅडम, एका टोकाला चष्मेवाला, दुसऱ्या टोकाला मी. मी उभं राहून सांगितलं की यांनी जे म्हटलं ते सरळ होतं, ऐकणारीचा काटा बिघडलेला होता, आणि हे असंच नोंदवून घ्या, मऊ करू नका.

पण गप्प बसवेना. मॅडमना विचारलं, यांनी हा खुलासा कधी दिला? बावीस सप्टेंबरला. म्हणजे मला फोन करून सातचा परवाना दिलात, तेव्हा हा कागद तुमच्या टेबलावर पाच दिवस पडून होता? वाचला का नाहीत? त्या म्हणाल्या, तक्रारदाराचं समाधान करणं हे प्राधान्य होतं. माझी चूक ती माझीच. पण भांडखोर बाईला गप्प करायला सज्जन माणूस बाजूला सारायचा आणि त्याचा कागद वाचायचासुद्धा नाही, ही चूक कुणाची, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

बाहेर व्हरांड्यात मी त्या माणसाची माफी मागितली. तो म्हणाला, "मावशी, मीच आधी तळ हा शब्द वापरायला हवा होता. आम्ही दिवसभर नंबरच बोलतो." मग विचारलं, "दादांनी बघितला का?"

मी मान हलवली. नाही.

त्याची नेमणूक परवापासून पूर्ववत. उद्यान उद्या बंद.

घरी येऊन मी दादाच्या खोलीत रडले. सांगून टाकते, डायरीत काय लपवायचं. म्हटलं, एप्रिलमध्ये तुला काही दिसायचं नाही आणि ते माझ्यामुळं.

तो म्हणाला, "अगं, मला कुठं बघायचा होता? त्यातला दगडन् दगड मला पाठ आहे, डोळे मिटून. तुला दाखवायचा होता. जन्मभर तू दुसऱ्यांचं काम तपासलंस. माझं एकदा तपासावंस असं वाटायचं."



१ नोव्हेंबर, शनिवार

पुढच्या मोसमातल्या पहिल्या आठवड्याला तीस दिवसांचा नियम नाही, त्याचे अर्ज आजच सकाळी आठला उघडले. तळ क्रमांक दोन. रांगेत आमच्यापुढं कुणीही नव्हतं. गटप्रमुख म्हणून मी दादाचं नाव घातलं आणि सोबती म्हणून माझं. भाची म्हणाली, "आत्या, अडकेल हं." कारण यंदा नवा रकाना आलाय: 'गटप्रमुखास वाट स्पष्ट दिसते का?' होय किंवा नाही, आणि नाही असल्यास कारण.

दिसत नसलेल्या माणसानं पुढं व्हायचं नाही, हे कुणी ठरवलं? वाटेवर एक दगड न ठेवलेल्या माणसानं, खुर्चीत बसून.

भाची 'होय' वर बोट नेत होती. मी तिचा हात बाजूला केला. आयुष्यात खोटी नोंद केली नाही, आता कशाला करू? 'नाही' वर खूण केली आणि कारणाच्या जागी लिहिलं: 'दिसायची गरज नाही. वाट त्यानेच बांधली आहे.'

खिडकीवरचा माणूस ते वाचणार. आता कुणी नाकारून दाखवावं.